दोरा कोणता घ्यावा? मशीनवरच्या क्विल्टिंगमधील एका न मिटलेल्या वादाचा आढावा

अमेरिकेत क्विल्ट शिवायला शिकणाऱ्याच्या कानावर पहिल्या काही दिवसांतच एक नियम पडतो : कापड सुती असेल तर दोराही सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो, तो आतल्या आत कापड कापत जातो, असे त्याचे कारण सांगतात. त्याच देशात मजुरी घेऊन इतरांचे क्विल्ट शिवून देणाऱ्या व्यावसायिकांच्या मोठ्या मशीनवर मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच दोरा चढवलेला दिसतो. दोन्हीकडची माणसे हाताने काम करणारी, कापड ओळखणारी आहेत. तरी गेली तीस-चाळीस वर्षे हा प्रश्न तिथेच आहे. तो कुठवर आला, कोण काय म्हणते आणि कशाचे उत्तर अजून मिळायचे आहे, हे इथे पाहू. आपल्याकडे गोधड्या आता मशीनवर शिवल्या जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे हा वाद केवळ परदेशातला राहिलेला नाही.

कामे दोन, दोऱ्याकडून अपेक्षाही दोन

क्विल्टमध्ये मशीन दोनदा चालते. आधी कापडाचे छोटे तुकडे जोडून वरचा थर तयार होतो. हे जोडकाम. मग वरचा थर, मधला भर आणि खालचे अस्तर एकत्र धरून सगळ्यावर टिपा घातल्या जातात. हे खरे क्विल्टिंग.

जोडकामातला दोरा दिसत नाही, आणि दिसूही नये. त्याने जागा कमी खायची असते. तुकडे पाव इंचाची, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरची माया ठेवून जोडतात. टीप उघडून कापड दुमडले की दुमडीत आणि दोऱ्याच्या जाडीत कापडाचा थोडा भाग जातो. एका जोडात पाव मिलिमीटर गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ओळीत वीस जोड असतील तर पाच मिलिमीटर गेले, आणि शेजारच्या ओळीची टोके जुळेनाशी होतात. म्हणून अनुभवी कारागीर माया पाव इंचाहून केसभर कमीच धरतात आणि दोरा बारीक निवडतात. इथे इंचाला दहा ते बारा टाके घालतात. टिपेची ताकद जितकी दोऱ्यावर तितकीच टाक्यांच्या संख्येवर अवलंबून असते, हे बऱ्याचदा विसरले जाते. दहाऐवजी बारा टाके घातले तर त्याच बारीक दोऱ्याची टीप चांगलीच बळकट होते.

क्विल्टिंगचा दोरा मात्र वर दिसतो. तो नक्षी काढतो, धुण्याचा आणि ओढाताणीचा मार खातो, आणि तीन थरांतून जाताना सुईच्या नेढ्यात पुन्हापुन्हा घासला जातो. मशीनवर दोऱ्याचा एकच भाग टाक्यात बसण्याआधी नेढ्यातून कित्येकदा मागेपुढे होतो. हातशिलाईत चालणारा दोरा मशीनवर तुटतो तो यामुळे. हाताने क्विल्ट करण्यासाठी मेण किंवा खळ चढवलेला कडक दोरा मिळतो. तो मशीनला लावू नये, यावर सगळ्यांचे एकमत आहे, कारण त्याचा लेप ताणाच्या चकत्यांमध्ये साचतो. या संपूर्ण विषयात एकमत असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, त्यांतली ही एक.

वादाची पार्श्वभूमी

सुती शिलाईदोरा तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये रेशमाची टंचाई झाली, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या क्लार्क कुटुंबाने रेशमाऐवजी कापसाचा गुळगुळीत दोरा पिळून काढला. त्याच गावात कोट्स कुटुंबाच्याही गिरण्या उभ्या राहिल्या आणि १८९६ साली दोन्ही धंदे एक झाले. भारतात ज्यांची रिळे घरोघरी पोचली ते मदुरा कोट्स हे नाव याच वंशावळीतले.

१८४६ साली एलियास होवने आणि १८५१ साली आयझॅक सिंगरने शिलाई मशीनचे पेटंट घेतले. वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवणारा टाका आला, आणि आधीचा तीनपदरी खळ दिलेला दोरा त्याला पुरेना. तो कडक होता आणि कुठे जाड, कुठे बारीक. १८६०च्या दशकात क्लार्क कंपनीने मशीनसाठी सहापदरी मऊ दोरा बाजारात आणला आणि त्याचे नावच ‘अवर न्यू थ्रेड’ ठेवले. पुढे ताणून धरलेल्या सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून त्याला चमक आणि बळ देण्याची मर्सरायझिंगची पद्धत रुळली. आजचा चांगला सुती दोरा बहुधा याच प्रक्रियेतून गेलेला असतो.

पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले. युद्धानंतर ते टेरिलीन, डेक्रॉन अशा नावांनी कपड्यांत आले आणि काही वर्षांत दोऱ्यातही. तयार कपड्यांच्या कारखान्यांनी ते लगेच उचलले, कारण वेगवान मशीनवर सुती दोरा तुटत होता. पॉलिएस्टरच्या गाभ्याभोवती कापूस गुंडाळलेला दोराही निघाला. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हा मधला पर्याय थोडा अडचणीचाच वाटत आला आहे.

क्विल्टच्या जगात मात्र हे सगळे उशिरा पोचले. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातले जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले गेले आणि अमेरिकेत या कलेची नवी लाट आली. त्या लाटेत आदर्श होता तो आजीच्या काळच्या हातशिलाईचा. मशीनवर केलेले क्विल्टिंग कमी प्रतीचे मानले जाई. १९८७ साली हॅरिएट हारग्रेव्ह यांचे ‘एअरलूम मशीन क्विल्टिंग’ हे पुस्तक आले. त्यात मशीनवर हाताच्या कामासारखा परिणाम साधण्यासाठी पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याचा वापर होता : दोरा दिसत नाही, दिसतो फक्त कापडावर पडलेला खळगा. दोनच वर्षांनी, १९८९ साली, केंटकीतल्या पडुका इथल्या राष्ट्रीय स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना २ : सोलर एक्लिप्स’ या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळाले. मशीनला मान्यता मिळाली, आणि कोणता दोरा मान्य हा प्रश्न तेव्हापासून जोरात सुरू झाला.

सुती दोऱ्याच्या बाजूचे म्हणणे

या बाजूचा मुख्य मुद्दा दिसतो त्याहून बारकाईचा आहे. सुती दोरा अधिक टिकतो असे ते म्हणत नाहीत. उलट तो कमी टिकावा, असेच त्यांचे म्हणणे आहे. ताण पडला तर आधी टीप उसवावी, कापड फाटू नये. उसवलेली टीप पुन्हा घालता येते, फाटलेला तुकडा बदलायचा तर आजूबाजूचे सगळे काम उलगडावे लागते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे.

दुसरा मुद्दा वागणुकीचा. कापूस हवेतली आर्द्रता घेतो, प्रमाणित हवामानात साधारण साडेआठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. धुतल्यावर सुती कापड आणि सुती दोरा साधारण एकाच चालीने आटतात, ओले असताना कापूस उलट बळकट होतो, आणि इस्त्रीची उष्णता दोघांना सारखीच सोसते. ताणले तर सुती दोरा पाच-सात टक्क्यांवर तुटतो, पॉलिएस्टरचा पंधरा-वीस टक्के लांबतो. कोपऱ्याला कोपरा जुळवणाऱ्या जोडकामात हा लांबणारा दोरा त्रास देतो : मशीनवर ताणला जाऊन बसतो, टीप संपली की आखडतो आणि सपाट तुकड्यावर बारीक चुण्या पडतात.

तिसरा मुद्दा दाखल्याचा. दीडशे-दोनशे वर्षांचे जे क्विल्ट आज संग्रहालयांत आहेत, ते सुती किंवा रेशमी दोऱ्याने शिवलेले आहेत. त्या दोऱ्यांनी काळाची परीक्षा दिली आहे.

पॉलिएस्टरच्या बाजूचे म्हणणे

उलट बाजू याच दाखल्यापासून सुरुवात करते. जुन्या क्विल्टमध्ये कापड कशाने गेले ते पाहा, असे ते सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक क्विल्टमध्ये नेमके तपकिरी तुकडे विरून गेलेले दिसतात, कारण त्या रंगात लोहक्षार वापरलेले असत. रेशमी तुकडे चिरफाळलेले दिसतात, कारण वजन वाढवण्यासाठी रेशमाला धातूचे क्षार दिलेले असत. बाकीचे नुकसान उजेडाचे, घडीचे आणि धुण्याचे. दोऱ्याने कापड कापल्याचा आरोप सिद्ध करायचा तर ही सगळी कारणे आधी बाजूला काढावी लागतील.

त्यांचा दुसरा दाखला आपल्या अंगावर आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक सुती शर्ट आणि कुर्ते पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टरच्या गाभ्याच्या दोऱ्याने शिवलेले असतात. ते क्विल्टपेक्षा कितीतरी अधिक वेळा धुतले जातात. ते विरतात ते कॉलरच्या घडीवर, कोपरावर. टिपेच्या रेषेत एकसारखे कापले जाताना फारसे दिसत नाहीत. युटामधल्या सुपिरिअर थ्रेड्ससारख्या कंपन्यांनी हा मुद्दा शिकवण्यांमधून लावून धरला. दोरा विकणाऱ्याने दोऱ्याबद्दल दिलेली साक्ष जपूनच घ्यायला हवी, पण हे सुती दोरा विकणाऱ्यांनाही लागू होते.

तिसरी गोष्ट कामाच्या सोयीची, आणि व्यवसायात तीच निर्णायक ठरली. मोठी मशीन मिनिटाला दोन-अडीच हजार टाके घालते आणि दर क्षणी दिशा बदलते. त्या वेगाला आखूड तंतूंचा सुती दोरा तुटतो आणि बॉबीनभोवती लव साचते. अखंड तंतूंच्या पॉलिएस्टर दोऱ्याला लव जवळजवळ नसते. सुती दोऱ्यातही चांगल्या लांब तंतूंचा, इजिप्शियन किंवा पिमा जातीच्या कापसाचा दोरा लव कमी टाकतो, पण किमतीला चढतो.

लांबण्याच्या मुद्द्यावरही त्यांचे उत्तर आहे : क्विल्टवर लोक बसतात, मुले तो ओढतात, आणि तिरक्या रेषेत कापड लांबते. तिथे न लांबणारा दोरा फट्कन तुटतो. माझ्या मते दोन्ही बाजू इथे बरोबर आहेत, कारण एक जोडकामाबद्दल बोलते आहे आणि दुसरी क्विल्टिंगबद्दल. वादाचा बराच भाग असाच, दोन वेगळ्या कामांची सरमिसळ होऊन वाढलेला आहे.

नायलॉनचा पारदर्शक दोरा आता मागे पडला आहे. तो उन्हात कमजोर होतो आणि पिवळा पडतो. पारदर्शक पॉलिएस्टर उष्णताही अधिक सोसते. बाळाच्या दुपट्यात मात्र दोन्ही टाळावेत असे सांगतात, कारण सुटलेल्या पारदर्शक दोऱ्याचा फास दिसत नाही आणि त्यात बोट अडकू शकते. अतिशय बारीक रेशमी दोरा दाट नक्षीसाठी वापरणारा एक छोटा, हौशी वर्गही आहे.

आकड्यांचा घोळ

तंतूच्या वादाने एका अधिक कामाच्या प्रश्नाला झाकून टाकले आहे, तो म्हणजे जाडीचा. रिळावरचा आकडा वाचून जाडी कळेल अशी अपेक्षा असते. ती नेहमी खरी ठरत नाही.

कापसाचा जुना इंग्रजी नंबर असा मोजतात : एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी होतात. जितक्या जास्त लडी तितके सूत बारीक, म्हणून मोठा आकडा म्हणजे बारीक सूत. पण हा नंबर एका पदराचा असतो. ५० नंबरचे दोन पदर पिळले तर हजार मीटरला सुमारे २४ ग्रॅम वजन भरते, तीन पदर पिळले तर सुमारे ३५ ग्रॅम. दोन्ही रिळांवर ठळक अक्षरात ५०च लिहिलेले असू शकते, आणि जाडीत दीडपट फरक! त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ४० नंबरचा दोनपदरी दोरा हजार मीटरला ३० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे ‘जाड’ समजला जाणारा चाळीसचा दोनपदरी, ‘बारीक’ समजल्या जाणाऱ्या पन्नासच्या तीनपदरीपेक्षा बारीक निघतो. जोडकामासाठी इटलीचा ऑरिफिल हा दोनपदरी पन्नास इतका गाजला त्यामागे हेच पदरांचे गणित आहे. ज्यांनी त्याऐवजी तीनपदरी पन्नास आणला त्यांचे तुकडे जुळेनात.

पॉलिएस्टरच्या रिळांवर बहुधा तिकीट नंबर असतो. तो निघतो तीन हजाराला हजार मीटरच्या ग्रॅमने भागून. १२० तिकिटाचा दोरा म्हणून साधारण २५ ग्रॅमचा, म्हणजे दोनपदरी पन्नास सुती दोऱ्याच्या जवळचा. पन्नासच्या शेजारी १२० वाचून तो निम्म्याहून बारीक असेल असे समजणारे फसतात. भरतकामाच्या दोऱ्यांची मोजणी आणखी निराळी.

यावर उपाय कधीच निघाला आहे. हजार मीटरचे वजन ग्रॅममध्ये सांगणारे टेक्स हे माप सगळ्या तंतूंना आणि सगळ्या पदरांना सारखेच लागू पडते, आणि कापडउद्योगात ते रूढ आहे. घरगुती रिळांवर ते ठळक छापण्याची पद्धत मात्र पडलेली नाही. तोवर तीन प्रकारचे दोरे हातावर शेजारी ठेवून बोटांनी चाचपून पाहणे हाच मार्ग.

जाडी कळली की सुईचा प्रश्न बराच सोपा होतो. २४-२५ टेक्सला ११ नंबरची सुई चालते, ३५ ते ४५ टेक्सला १४ किंवा १६ नंबर लागतो. बारीक नेढ्यात जाड दोरा कोंबला की तो पिंजून तुटतो, आणि दोष दोऱ्याच्या तंतूवर जातो. वर एक आणि बॉबीनमध्ये दुसरा दोरा चालेल का, यावरही मतभेद आहेत. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात, तेव्हा त्यांची ताकद सारखी असावी, असे एक मत. खाली बारीक पॉलिएस्टर भरले तर बॉबीन जास्त वेळ पुरते आणि ताण नीट जुळवला की काही बिघडत नाही, असे दुसरे. ताण जुळवण्याचे कसब ज्याच्या हाती आहे त्याला दुसरे मत पटते.

गोधडी मशीनवर आली तेव्हा

महाराष्ट्रातली हातशिलाईची गोधडी किंवा वाकळ या वादात कधी आलीच नाही. जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक घालून जाड सुती दोऱ्याने काठापासून आत आत धावदोरा घालत जायचे. कापड सुती, दोरा सुती, आणि विटली की वरून आणखी एक थर. कारवार-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या कवंदीतही कडेपासून मध्याकडे अशीच शिलाई चालते.

आज बचतगटांत आणि घरोघरी पायमशीनवर किंवा मोटर लावलेल्या मशीनवर गोधड्या होतात. पण जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात आता निखळ सुती फार थोडे निघते. टेरिकॉटचा शर्ट, सिंथेटिक साडी, होजिअरीचा टीशर्ट आणि एखादी सुती साडी एकाच गोधडीत येतात. ‘कापडासारखा दोरा’ हा अमेरिकन नियम इथे लावायचा तर कोणत्या कापडासारखा, हा प्रश्न उरतो. शिवाय मॅचिंग सेंटरमध्ये रंगांच्या रांगा लावलेली रिळे बहुतेक पॉलिएस्टरची असतात; बारीक, दोनपदरी सुती दोरा शोधावा लागतो. त्यामुळे निवड बरीचशी दुकानदारानेच करून ठेवलेली असते.

इथे अडचण दोऱ्याच्या ताकदीची नसतेच. गुळगुळीत सिंथेटिक साडीचे धागे टिपेजवळ सरकतात. टीप शाबूत, दोरा शाबूत, पण कापड टिपेतून निसटून फट पडते. कोणताही दोरा ती थांबवू शकत नाही. माया वाढवावी लागते, कड दुमडून दुहेरी टीप मारावी लागते, किंवा क्विल्टिंगच्या टिपा जवळजवळ घालाव्या लागतात. चारपाच थर असले तर १६ किंवा १८ नंबरची सुई लागते, आणि त्या भोकात बारीक दोरा सैल बसतो. हाताच्या टाक्यांचा भरीव उठाव हवा असेल तर काही जणी जाड दोरा बॉबीनमध्ये भरून गोधडी उलटी धरून शिवतात, म्हणजे जाड दोरा नेढ्यातून जातच नाही. युक्ती चांगली आहे, मात्र बॉबीन केसचा स्क्रू सैल करावा लागतो आणि नंतर पूर्ववत करायची आठवण ठेवावी लागते.

काय सुटायचे राहिले आहे

पहिला प्रश्न काळाचा. पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेले सर्वांत जुने क्विल्ट साठ वर्षांच्या आसपासचे असणार. शंभर वर्षांनी काय होते याची साक्ष द्यायला ते अजून वयात आलेले नाहीत, आणि सुती दोऱ्याची जी जुनी साक्ष आहे तीत टिकले तेवढेच क्विल्ट आपल्यासमोर आहेत. जे टिपा तुटून टाकून दिले गेले ते संग्रहालयात पोचले नाहीत.

दुसरा प्रश्न नवा आहे. सुती क्विल्ट पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवला की तो पूर्णपणे कुजणारा राहत नाही, आणि गाभ्याचा दोरा तर वेगळा काढताच येत नाही. उलट बाजूने कापसाच्या शेतीला लागणारे पाणी आणि कीटकनाशके यांचा हिशेब मांडला जातो. विदर्भातल्या वाचकाला तो वेगळा समजावून सांगायला नको. क्विल्टमध्ये दोऱ्याचे वजन कापडाच्या मानाने इतके थोडे असते की या मुद्द्यावर दोरा बदलून कितीसा फरक पडेल, हेही अजून कुणी नीट मोजून मांडायचे आहे.

तिसरा प्रश्न, कापड कापण्याचा मूळ आरोप. तो तपासण्याची रीत अवघड नाही. एकच कापड, एकच टेक्स, इंचाला तेवढेच टाके ठेवायचे, फक्त तंतू बदलायचा. मग धुणे, चुरगळणे आणि उजेड यांच्या फेऱ्या देऊन आधी टीप जाते की टिपेलगतचे कापड, हे पाहायचे. माटुंग्याला १९२४ पासून काम करणाऱ्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी तंतू आणि सूत तपासण्याचे काम रोजचेच आहे. अडचण आहे ती चाचणीत काय धरायचे याची. पॉलिएस्टरच्या बाजूचे अनेक जण म्हणतात की कापड खरे कापते ते दोऱ्यालगत अडकलेल्या बारीक धुळीमुळे, आणि तसे असेल तर स्वच्छ प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर दोन्ही दोरे निर्दोष ठरतील. सुती बाजूचा आक्षेप याच्या नेमका उलट आहे : धुळीत अधिक चिवट दोराच करवतीसारखा चालतो. म्हणजे चाचणीत धूळ हवी. किती आणि कसली, हे आधी ठरायला हवे.